वादळाचा मार्ग कळतो, बौद्धवाडीचा रस्ता का कळत नाही?

'निसर्ग जात बघत नाही.' प्रत्येक महापुरानंतर आणि प्रत्येक चक्रीवादळानंतर हे वाक्य आपल्याला ऐकवले जाते. चॅनेलवर बोलणारे म्हणतात, पुढारी म्हणतात, मदतीची पाकिटे वाटताना फोटो काढणारेही म्हणतात. आम्ही हे वाक्य अर्धेच मान्य करतो. वारा जात बघत नाही, हे खरेच आहे. पण वारा येण्याआधी ज्याचे घर गावाच्या टोकाला ढकलले गेले, ज्याच्या छपरावर कौलांऐवजी पत्रे आले आणि ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याचे स्थान वाऱ्याने ठरवलेले नाही. ते इथल्या समाजव्यवस्थेने ठरवले आहे. म्हणून आजचा विषय चक्रीवादळाच्या अंदाजाचा आहे. हा विषय हवामान खात्याचा आहे तसाच आंबेडकरी चळवळीचाही आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आधी विज्ञान समजून घेऊ. ते न समजता केलेला आरोप पोकळ ठरतो.

समुद्राचे पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापले, हवेत पुरेसा ओलावा असला आणि खालच्या व वरच्या थरांतल्या वाऱ्यांत फार फरक नसला, की कमी दाबाचे क्षेत्र जोर धरू लागते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला वळण मिळते आणि तो केंद्राभोवती गरगरू लागतो. त्याचा वेग ताशी ३१ किलोमीटरच्या वर गेला की हवामान खाते त्याला 'डिप्रेशन' म्हणते, ६२ च्या वर गेला की चक्रीवादळ, ८९ च्या वर गेला की तीव्र चक्रीवादळ. पण वादळ जाणार कुठे, हे त्याच्या स्वतःच्या फिरण्यावर फारसे ठरत नाही. ओढ्यातल्या भोवऱ्याचे उदाहरण घ्या. भोवरा स्वतःभोवती फिरतो, पण त्याला पुढे नेतो तो ओढ्याचा प्रवाह. तसेच वादळाला वरच्या थरांतले मोठे वारे वाहून नेतात. हे वारे कसे बदलतील हे ओळखणे म्हणजे वादळाचा मार्ग ओळखणे.

त्यासाठी इन्सॅट मालिकेतले उपग्रह ढगांची चित्रे सतत पाठवतात. समुद्रातले तरंगते बोये वारा, दाब आणि पाण्याचे तापमान मोजतात. वादळ किनाऱ्याजवळ आले की डॉप्लर रडार त्याच्यावर नजर ठेवते. हे सगळे आकडे पुण्याच्या आयआयटीएमसारख्या संस्थांतल्या महासंगणकांवर जातात. तिथे एकच गणित अनेक वेळा सोडवले जाते, दर वेळी सुरुवातीच्या आकड्यांत थोडा थोडा फरक करून. बहुतेक उत्तरे एकाच दिशेला गेली तर अंदाज भक्कम मानतात. उत्तरे पांगली तर अंदाज कच्चा. म्हणूनच हवामान खात्याच्या नकाशावर नुसती एक रेघ नसते, तिच्या भोवती पुढे रुंद होत जाणारा शंकू असतो. तो शंकू म्हणजे वादळाचा आकार नव्हे. वादळाचे केंद्र कुठून कुठपर्यंत सरकू शकते, याचा तो हिशोब आहे. अलीकडच्या वर्षांत चोवीस तास आधीच्या अंदाजातली सरासरी चूक शंभर किलोमीटरच्या आत आली आहे. ही मोठी प्रगती आहे. पण आपला किनारा ७२० किलोमीटरचा आहे, आणि शंभर किलोमीटरचा फरक म्हणजे मुंबई की श्रीवर्धन, एवढा फरक.

आता ३ जून २०२० आठवा. 'निसर्ग' चक्रीवादळ. हवामान खात्याने आधीच सांगितले होते की ते हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात, अलिबागच्या आसपास धडकेल. त्या पट्ट्याचे दक्षिणेचे टोक रायगडात होते. पण त्या दोन दिवसांत चॅनेलवर काय दिसले? मुंबई. मरिन ड्राइव्ह, गेटवे, वरळी सी-फेस. मुंबईवर शंभर वर्षांत असे वादळ आले नाही, हेच वारंवार सांगितले गेले. प्रत्यक्षात वादळ अलिबागच्या दक्षिणेला, मुरुड-श्रीवर्धनच्या पट्ट्यात जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर ते एकशेवीस किलोमीटरच्या घरात होता. मुंबई थोडक्यात वाचली आणि 'संकट टळले' अशा बातम्या सुरू झाल्या. त्याच वेळी श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, मंडणगड, दापोली इथल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या. छपरे उडाली होती. विजेचे खांब वाकले होते. काही गावांत कित्येक आठवडे वीज आली नाही.

संकट टळले म्हणजे कुणाचे टळले? अंदाज चुकला नव्हता. शंकूमध्ये श्रीवर्धनही होते. पण शंकूतल्या कोणत्या ठिकाणावर कॅमेरा लावायचा, हे हवामान खाते ठरवत नाही. ते पैसा आणि सत्ता ठरवते.

या वादळाला 'निसर्ग' हे नाव बांगलादेशाने सुचवलेले होते. आपल्याकडे मात्र या नावाने एक सोय करून दिली. नुकसान कुणी केले? निसर्गाने. मग जाब कुणाला विचारायचा?

रायगड आणि रत्नागिरीच्या या पट्ट्याशी आपले नाते काय, हे आंबेडकरी तरुणाला सांगायला नको. महाड रायगडात आहे. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यात आहे. याच कोकणातली खोती नष्ट करण्यासाठी बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. खोत जमिनीचा मालक होता आणि कसणारा त्याच्या दयेवर जगत होता. पुढे खोती कायद्याने गेली, कुळकायदा आला. पण ज्यांच्या वाट्याला कूळ म्हणूनही नोंद आली नाही, ज्यांना गावकीची कामे आणि दुसऱ्याच्या वाडीतली मजुरी एवढेच मिळाले, त्यांच्या हाती काय पडले? बौद्धवाडीतल्या अनेक घरांकडे आजही तुकडाभर जमीन आहे, किंवा तीही नाही. कातकरी वाड्यांची अवस्था त्याहून वाईट आहे. घर ज्या जागेवर उभे आहे ती जागाही अनेकदा दुसऱ्याच्या नावावर असते.

हा इतिहास वादळाच्या चर्चेत कशाला आणायचा, असे कुणी विचारेल. तर वादळानंतर तलाठी येतो आणि पंचनामा करतो. पंचनामा सातबारावर चालतो. किती गुंठ्यांत किती पोफळी पडल्या, किती हेक्टर आंबा गेला, याची नोंद होते आणि भरपाई बागेच्या मालकाला मिळते. मालकाचे नुकसान झालेले असते, त्याला भरपाई मिळायलाच हवी, याबद्दल आमचा वाद नाही. आमचा प्रश्न पुढचा आहे. त्या बागेत सुपारी सोलणारी, नारळ उतरवणारा, आंब्याच्या हंगामात पेट्या भरणारा जो मजूर आहे, त्याच्या बुडालेल्या रोजगाराचा पंचनामा कोण करतो? पोफळ पुन्हा फळाला यायला अनेक वर्षे लागतात. म्हणजे मालकाचे उत्पन्न जितकी वर्षे गेले, तितकीच वर्षे मजुराची मजुरीही गेली. पण मालकाच्या नुकसानीला सातबाराचा पुरावा आहे, मजुराच्या नुकसानीला कागदच नाही. कागद का नाही, याचे उत्तर खोतीत आहे. वादळाने झाड पाडले, पण नुकसान कुणाचे मानायचे हे शंभर वर्षांपूर्वीच्या जमीनव्यवस्थेने ठरवले.

आता दुसरी बाजू पाहू. सगळे काही वाईटच आहे, असे रडगाणे आम्हाला गायचे नाही. चक्रीवादळाच्या बाबतीत या देशाने मोठे यश मिळवले आहे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ धडकले आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर राज्याने आपत्ती व्यवस्थापनाची स्वतंत्र यंत्रणा उभारली, किनाऱ्यावर निवारा केंद्रे बांधली, गावोगाव स्वयंसेवक तयार केले. ऑक्टोबर २०१३ मध्ये 'फायलिन' आले तेव्हा जवळपास दहा लाख माणसे आधीच हलवली होती, आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. मे २०१९ मध्ये 'फनी'च्या वेळी बारा लाखांहून अधिक लोक हलवले गेले. दहा हजारांवरून काही डझन. हे यश नवसाने आले नाही, यज्ञाने आले नाही, पंचांग बघून आले नाही. उपग्रह, गणित, सरकारी यंत्रणा आणि गावातला स्वयंसेवक यांनी ते घडवले.

आपल्यासाठी यात एक मोठी शिकवण आहे. वादळ कारणांतून निर्माण होते आणि कारणे कळली की त्याचा पुढचा मार्ग सांगता येतो, हा विचार कार्यकारणभावाचा आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बाबासाहेबांनी याच विचारावर भर दिला आणि दैववाद नाकारला. जे घडते ते कुणाच्या कोपाने घडत नाही. जे घडते त्याला कारणे असतात आणि कारणे बदलता येतात. 'हे आमच्या नशिबी होते' असे म्हणणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या माणसांना हे सांगायचे काम आपले आहे. संविधानाच्या कलम ५१-क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. ते फक्त बुवाबाजीविरुद्धच्या भाषणात वापरायचे नसते, हवामान खात्याचे बुलेटिन वाचतानाही वापरायचे असते.

पण हेच यश नीट पाहिले तर त्याची मर्यादाही दिसते. 'फनी'च्या वेळी पुरी जिल्ह्यातून एक बातमी आली होती. तिथल्या दलित कुटुंबांना गावातल्या निवाऱ्यात येऊ दिले नाही आणि त्यांनी वडाच्या झाडाखाली आसरा घेतला, असे त्या बातमीत होते. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत दलितांना मदत छावण्यांतून दूर ठेवल्याच्या, पिण्याच्या पाण्यापासून अडवल्याच्या तक्रारी मानवी हक्क संघटनांनी नोंदवल्या होत्या. म्हणजे उपग्रहाने इशारा दिला, महासंगणकाने मार्ग सांगितला, सरकारने केंद्र बांधले, आणि शेवटी दारात जात उभी राहिली. हजारो किलोमीटरचा प्रवास करून आलेली माहिती शेवटच्या दहा पावलांत अडली.

महाडला १९२७ मध्ये नेमके हेच घडले होते. तळे सार्वजनिक होते, नगरपालिकेचा ठराव झालेला होता, कागदावर हक्क होता. तरीही प्रत्यक्ष पाण्यापर्यंत जाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. निवारा केंद्र हे आजचे सार्वजनिक तळे आहे. त्याच्या कागदावर सर्वांचा हक्क आहे. पण केंद्र कुठल्या इमारतीत आहे? ती इमारत कुणाच्या आळीत आहे? तिची किल्ली कुणाकडे आहे? तिथे स्वयंपाक कोण करतो आणि पाणी कोण वाढतो? हे प्रश्न वादळाच्या रात्री विचारून उपयोग नाही. ते आधी विचारावे लागतात.

इशारा पोहोचणे आणि इशाऱ्याप्रमाणे वागता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९७० मध्ये आजच्या बांगलादेशाच्या किनाऱ्यावर भोला चक्रीवादळ आले. ते येताना उपग्रहाला दिसले होते. तरीही किमान तीन लाख माणसे मेली, कारण बेटांवरच्या गरिबांपर्यंत नेमका इशारा पोहोचला नाही आणि पोहोचला असता तरी जायला जागा नव्हती. आपल्याकडचे ताजे उदाहरण मे २०२१ चे आहे. 'तौक्ते' वादळाची सूचना काही दिवस आधीपासून होती. तरीही मुंबई हायच्या तेलक्षेत्रात पी-३०५ या तराफ्यावर २६१ माणसे होती. १७ मे रोजी तो तराफा बुडाला आणि सत्तरहून अधिक माणसे गेली. अंदाज नव्हता म्हणून ती मेली नाहीत. बहुतेक कामगार कंत्राटी होते. समुद्रात राहायचे की किनाऱ्यावर परतायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. ज्याच्या हाती निर्णय नाही, त्याच्या हाती दिलेला इशारा हा फक्त मृत्यूची आगाऊ बातमी ठरतो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला बाहेरून येतो: 'तुम्हाला प्रत्येक गोष्टीत जात दिसते.' आमचे उत्तर सोपे आहे. संसदेने २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. त्याच्या कलम ६१ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. जात आपत्तीत शिरते हे कायदा करणाऱ्यांनाही दिसले होते, म्हणूनच त्यांनी ते कलम घातले. आम्ही त्या कलमाची अंमलबजावणी मागतो आहोत.

दुसरा आक्षेप आपल्यातूनच येतो आणि तो आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो: 'हा आपला विषय नाही. आपले प्रश्न आरक्षणाचे, अत्याचाराचे, शिष्यवृत्तीचे. वादळाचे शास्त्र बघायला शास्त्रज्ञ आहेत.' या मित्रांना आम्ही बाबासाहेबांचीच आठवण करून देतो. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांच्या प्रश्नात लक्ष घातले. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला ओडिशाच्या नद्यांवर परिषद झाली, तिथे ते बोलले. पूर आला की बांध घाला, एवढाच विचार न करता पाणी साठवून ते शेती, वीज आणि जलवाहतुकीसाठी वापरावे, अशी त्यांची भूमिका होती. 'हा अभियंत्यांचा विषय आहे' असे म्हणून ते बाजूला झाले नाहीत. पूर कुणाला बुडवतो हे त्यांना माहीत होते. अरबी समुद्र तापतो आहे आणि त्यातली वादळे वाढत आहेत, असे पुण्यातलेच संशोधक सांगत आहेत. पुढच्या तीस वर्षांत कोकणच्या किनाऱ्यावर काय होणार, हा प्रश्न आरक्षणाइतकाच आपला आहे.

हवामान खाते आता परिणामाधारित अंदाज देऊ लागले आहे. म्हणजे वारा किती वेगाने येईल एवढेच न सांगता, त्या वेगाने कच्च्या घरांचे काय होईल, झाडे पडतील का, रस्ते बंद होतील का, हेही सांगितले जाते. ही चांगली दिशा आहे. पण 'कच्ची घरे' या दोन शब्दांमागे कोण राहते, हे त्या अंदाजात नसते. वाऱ्याचे गणित करायला समुद्रावरचे आकडे लागतात, तसे नुकसानीचे गणित करायला वस्तीचे आकडे लागतात. तालुक्यातल्या कोणत्या बौद्धवाडीला पक्का रस्ता नाही, कोणती कातकरी वाडी खाडीच्या पातळीवर आहे, कुठे किती म्हातारी माणसे एकटी राहतात, कारण मुले मुंबई-ठाण्याला आहेत, हे आकडे कोणत्याही उपग्रहाला दिसत नाहीत. ते आपण गोळा करू शकतो. वादळाचा मार्ग तीन दिवस आधी कळतो. त्याचा फटका कुणाला बसणार, हे तीन पिढ्या आधीपासून माहीत आहे.

म्हणून आम्ही नुसती तक्रार करून थांबत नाही. आपल्याकडे किनारी वादळांचे दोन मोसम असतात, एक पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, आणि दुसरा पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरपासून पुढे. १४ एप्रिलची जयंती झाली की पहिला मोसम जवळ आलेला असतो. जयंती मंडळाची तीच मुले, तीच वर्गणीची वही, तेच व्हॉट्सॲप ग्रुप हाताशी असतात. त्यातून चार कामे करता येतात.

पहिले, प्रत्येक वाडीतल्या दोघा-तिघांनी हवामान खात्याचे चक्रीवादळ बुलेटिन वाचायला शिकावे. पिवळा, नारिंगी, लाल इशारा म्हणजे काय, शंकू म्हणजे काय, वाऱ्याचा कोणता वेग पत्र्याच्या घराला धोक्याचा, हे वाडीला मराठीत समजावून सांगावे. फॉरवर्ड केलेल्या व्हिडिओवर विसंबू नये.

दुसरे, वस्तीची वही करावी. किती घरे, किती कच्ची, किती आजारी, किती गरोदर, किती म्हातारे, घराच्या जागेचा कागद कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही. वादळाआधी घरांचे तारखेसह फोटो काढून ठेवावेत. पंचनाम्याच्या वेळी हाच पुरावा होतो.

तिसरे, ग्रामसभेत लेखी प्रश्न विचारावा: गावाचे निवारा केंद्र कोणते, किल्ली कुणाकडे, क्षमता किती, शौचालय आणि पाणी आहे का. समाजमंदिर किंवा विहार पक्के असेल तर त्यालाही अधिकृत निवाऱ्याचा दर्जा मागावा. मात्र 'तुमचे तुम्ही तिकडे थांबा' असे उत्तर आले तर ते स्वीकारू नये. वेगळा पाणवठा आपण महाडला नाकारला आहे.

चौथे, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिल्ह्याचा आराखडा करणे ही त्यांची कायदेशीर जबाबदारी आहे. त्या आराखड्याची प्रत माहिती अधिकारात मागवावी. त्यात आपली वाडी आहे का ते बघावे. नसेल तर निवेदन द्यावे. शेतमजुराच्या बुडालेल्या मजुरीची नोंद पंचनाम्यात व्हावी, ही मागणी त्यात असलीच पाहिजे. निवाऱ्यात किंवा मदतीत भेदभाव झाला तर कलम ६१ चा उल्लेख करून लेखी तक्रार करावी, आणि जिथे लागू होईल तिथे ॲट्रॉसिटी कायद्याचा आधार घ्यावा.

एक गोष्ट शिकणाऱ्या मुलामुलींसाठी. एमपीएससीच्या रांगेत उभे राहणे चूक नाही, पण तेवढाच रस्ता नाही. पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राचा विभाग आहे, पुण्यातच आयआयटीएम आहे. भौतिकशास्त्र आणि गणित आवडणाऱ्या आपल्या मुलींनी, मुलांनी तिकडे वळावे. अंदाज कशाचा करायचा, कुणासाठी करायचा, कोणत्या भाषेत सांगायचा, हे प्रश्न त्या खोलीत बसलेली माणसे ठरवतात. त्या खोलीत मंडणगडच्या बौद्धवाडीतून आलेली एखादी शास्त्रज्ञ बसली, तर नकाशावर मुंबईच्या दक्षिणेलाही माणसे राहतात, हे तिला कुणी सांगावे लागणार नाही.

पुढचे वादळ येईल तेव्हा त्याचे नाव काय असेल हे आधीच यादीत ठरलेले आहे. तोवर आपल्या वाडीची वही भरलेली असावी, आणि निवाऱ्याची किल्ली कुणाकडे आहे हे वाडीतल्या प्रत्येकाला माहीत असावे.

जय भीम.